दुखलं त्या दिवशीची साखर

आबा,

माझ्याही अंगावरून वारं गेलं. तुमची उजवी बाजू गेली होती, माझी डावी गेली. तुमची वाचा गेली, माझी जीभ मात्र शाबूत राहिली. सूनबाईचं म्हणणं असं की उलटं झालं असतं तर घराला जरा विसावा मिळाला असता. दिवाळीचा फराळ संपत आला होता आणि मी सोमाटण्याच्या घरी सकाळी चहाचा कप डाव्या हातात धरून पेपर वाचत बसलो होतो. कप पडला तो मला आवाजाने कळला, हाताला कळलाच नाही. मुलाने लगेच गाडी काढली, दवाखाना जवळ, वेळेत पोचलो. तोंड आता जागेवर आलंय, पायही टाकतो, संडासापर्यंत एकटा जातो आणि त्याचा मला केवढा अभिमान वाटतो हे कुणाला सांगायची सोय नाही. अडलंय ते हातापाशी. खरं म्हणजे खांद्यापाशी. माणूस मेला की कुठं जात नाही, संपतो, असं तुम्ही विहारात बसून दहा जणांना सांगायचात, तेव्हा हे तुम्हाला पोचणार नाही हे मला पक्कं माहीत आहे. तरी लिहितो, कारण ज्या एका माणसाला हे सांगता आलं असतं ती, म्हणजे आई, शेजारच्या खोलीत तांदूळ निवडत बसली आहे आणि तिलाच हे सांगायचं नाही.

व्यायाम घ्यायला इंदुरीची एक मुलगी येते. शिकलेली फिजिओथेरपिस्ट आहे, स्कूटरवर येते, हेल्मेट काढायच्या आत ओरडायला सुरुवात करते. आई तिला कसरतवाली बाई म्हणते. तिने कपाटाच्या आरशासमोर एक स्टूल मांडलंय आणि त्यावर मला बसवते, हात मांडीवर, पाय जमिनीला पुरते टेकलेले. मला वाटतं मी ताठ बसलोय. आरशात बघतो तर एक म्हातारा उजवीकडे कलून, डावा खांदा पाडून, हनुवटी पुढे काढून बसलेला. पोतं भिंतीला नीट टेकवलं नाही की बसतं तसा. कंपनीत मी सगळा जन्म सुपरवायझरकी केली, चाळीस माणसांना नीट उभे राहा म्हणून झापलं, आणि आता माझ्या मुलीच्या वयाची पोरगी मला बसायला शिकवते. दोन्ही बाजूंवर सारखं वजन घ्या काका. डोकं वर, कुणी शेंडीला धरून उचललंय असं समजा. खांदे कानांकडे चढवू नका. पाठीवरची दोन्ही पाती मागे, खाली, जवळ आणा, धरा, आता सोडा. उजवं पातं आज्ञाधारक, लगेच जातं. डावं म्हणजे सरकारी काम. मग टेबलापाशी बसून डाव्या तळव्याखाली फडकं ठेवायचं आणि हात पुढे सरकवायचा, टेबल पुसल्यासारखा. मग दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अडकवायची आणि चांगल्या हाताने दुसऱ्याला बरोबर घेऊन वर न्यायचं, जिथे दुखेल तिथून माघारी. ह्यावर तिचा फार कटाक्ष. दुखलं की मला सांगायचं, म्हणते, गप्प बसून सहन केलंत तर मी रागावेन. मी म्हटलं आम्ही मावळातली माणसं, दुखलं म्हणून सांगायची आम्हाला सवय नाही. ती म्हणाली, मीपण मावळातलीच आहे, मला नका सांगू.

ती पाती म्हणते तेव्हा मला केबिन आठवते, आबा. लोणावळा स्टेशनची ती उंच लाकडी सिग्नल केबिन, खाली रूळ, आणि आत एका रांगेत उभे केलेले लिव्हर, लाल, काळे, निळे. मी शाळा सुटल्यावर तुमचा डबा घेऊन येतोय, जिना चढतोय, आणि वर तुम्ही पाठमोरे उभे आहात, एक पाय फळीला रेटून. लिव्हर ओढायच्या आधी तुम्ही खांद्यावरचं फडकं काढून मुठीत घेता. उघड्या हाताने लिव्हर धरायचा नाही, घामाने त्याची लोखंडी मूठ गंजते, ही तुमच्या साहेबाची ताकीद, आणि ती तुम्ही साहेब नसतानाही पाळता. मग सगळं अंग मागे जातं आणि दूर कुठेतरी धुक्यात सिग्नलचा हात खाली पडतो. एक पांढरा लिव्हर होता, कशालाच न जोडलेला. तो तुम्ही एकदा मला ओढू दिलात. मी दोन्ही हातांनी लोंबकळलो, लिव्हर हलेना, आणि तुम्ही माझ्या पाठीत, बरोबर दोन पात्यांच्या मधे, पंजा मारलात. जोरात मारलात. "हातानं वढायचं न्हाई. हात निस्ता धराया. वढायचं पाठीनं. पोक काडून हुबा ऱ्हायलास तर लिव्हरच तुला वढंल." मला रडू आलं ते माराचं की लिव्हरचं, आता आठवत नाही. पण परवा त्या मुलीने नेमका तिथेच दोन बोटं टेकवली आणि म्हणाली, काका, इथून, हात नंतर. मला हसू आलं. का हसलात, तिने विचारलं. मी म्हटलं, ह्या जागेवर मी आधी मार खाल्लेला आहे.

माझी बायको गेल्यापासून दिवसभर घरात मी आणि आई, दोघंच. मुलगा आणि सून कामाला जातात. आईची नव्वदी जवळ आली, ऐकू कमी येतं, पण हातपाय चालते आहेत आणि जिभेचं वळण मला कुठून आलं ते तिच्याकडे बघून कळतं. मी आजारी पडल्यापासून ती एकदम दहा वर्षांनी तरुण झाली. तिच्या मते ह्या घरात लकव्याचं ज्ञान फक्त तिला आहे, कारण तिने एक माणूस सांभाळलेला आहे. ती तेलाची वाटी कोमट करून घेऊन येते, माझ्या शेजारी बसते आणि तीच गोष्ट पुन्हा सांगते, साखरेची. तुम्ही कसे निपचित पडून होतात, हाताला जीव म्हणून नव्हता, आणि एक दिवस मामाने हात ओढला तेव्हा तुम्ही कसे ओरडलात, आणि तिने कशी अख्ख्या आळीत साखर वाटली. "तूबी वरड," ती मला म्हणते. "वरडल्याबिगर जीव येत न्हाई." आणि माझं मनगट धरायला हात पुढे करते. ह्या गोष्टीवर ती जगली आहे, आबा. तुमच्या त्या दोन वर्षांतलं तिला बाकी काही आठवत नाही, किंवा आठवून घ्यायचं नाही. तेवढा एक दिवस तिने लख्ख घासून ठेवलाय.

मलाही तो दिवस आठवतो, आणि त्याच्या आधीचे दिवसही. तुम्ही रात्रपाळी करून वलवणला घरी आला होतात आणि मोरीत पाय धुता धुता खाली बसलात ते उठलाच नाहीत. दवाखान्यातून काही आठवड्यांनी घरी आणलं. डॉक्टर घाईत होते, मालिश करा, हात हलवत ठेवा म्हणाले, आणि आम्ही ते आमच्या परीने समजून घेतलं. वारं गेलं म्हणजे वारं वाईट, म्हणून धरणाकडच्या खिडकीत आईने गोणपाट कोंबलं. दार लोटून घेतलं. घोंगडी, त्यावर गोधडी, कानाला मफलर. आयुष्यभर केबिनच्या उघड्या खिडकीत उभा राहिलेला माणूस आम्ही कोंडून ठेवला. पण आम्ही अडाणी नव्हतो बरं का, निदान आमची तशी समजूत होती. लांबच्या एका चुलत्याने डालग्यात दोन कबुतरं आणली, त्यांच्या रक्ताने चोळलं की लकवा जातो म्हणून. आई उंबऱ्यात उभी राहिली आणि म्हणाली, आमच्यात हे चालत नाही, तुमच्या ह्या भावानेच बंद केलंय. डालगं उघडून तिने कबुतरं सोडून दिली. अंगारा आला तो चुलीत गेला. मला तिचा फार अभिमान वाटला होता. आम्हाला वाटलं आम्ही तुमच्या शिकवणीला जागलो, आता चूक होणं शक्य नाही.

चूक दारातून चपला काढून आत येत होती आणि आम्ही तिला चहा देत होतो. तुम्हाला भेटायला माणसं यायची, आबा. रेल्वेतली, वलवणची, वस्तीतली, आईच्या माहेरची. हातात बिस्किटांचा पुडा नाहीतर केळी. आपल्याकडे आजाऱ्याला भेटायला आलेला माणूस नुसता लांबून बघून जात नाही, तसं गेलं तर माया नाही असं होतं. तो जवळ बसायचा, कसं काय आबा म्हणायचा, आणि मग आई घोंगडीतून तुमचा उजवा हात बाहेर काढून त्याच्या हातात द्यायची. तो मनगटाला धरून वर उचलायचा, सोडून द्यायचा, हात पडायचा. चक् चक्. मग दुसरा उचलायचा. कुणी दंड धरून झुलवून बघायचा, कुणी म्हणायचा कालच्यापेक्षा हलका लागतोय. एकाच दिवशी किती जण तो हात उचलून टाकत असतील ह्याचा हिशोब कुणी ठेवला नाही. माणसं आली ह्यातच आम्हाला मोठेपणा वाटत होता. केबिनमध्ये कधी न झुकलेला तुमचा तो खांदा गावाने येताजाता हलवून बघितला. तुमच्यापाशी एकच शब्द उरला होता, व्हय. बरं वाटतंय का? व्हय. चहा घेता का? व्हय. दुखतंय का? व्हय. सगळ्याला तोच, मग तो खरा धरायचा तरी कुठे? आम्ही आमच्या सोयीचा धरला.

आणि मग मामा आला. आईचा थोरला भाऊ, हमालीवर जन्म घातलेला, दंड असे की सदऱ्याची बाही चढायची नाही. त्याला तुमची फार माया. तुम्हाला आडवं बघून त्याचे डोळे भरले आणि डोळे भरलेले कुणाला दिसू नयेत म्हणून त्याने घाई केली. आबांना उठवून बसवू, म्हणाला, आणि दोन्ही हातांनी तुमचा तोच हात धरून त्याने तुम्हाला उचललं. तुम्ही ओरडलात. दोन महिने ज्या घरात तुमचा व्हय सोडून आवाज आला नव्हता त्या घरात तुम्ही असे ओरडलात की बाहेर दोरीवर धुणं घालणारी शेजारीण आत धावली. मग मामा म्हणाला, "दुखतंय! म्हंजे हातात जीव येतोय!" आणि घरात जो आनंद झाला, आबा. आई हसत होती आणि पदराने डोळे पुसत होती. तिने साखरेचा डबा काढला, वाटीत साखर घेतली आणि घरोघर चिमूट चिमूट देत गेली, मीपण तिच्या बरोबर गेलो. परत आलो तेव्हा उरलेली चिमूट तिने तुमच्या तोंडात घातली. तुमच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. आम्ही म्हटलं, बघा, त्यांनाही कळलं.

त्यानंतर आम्ही ते रोज केलं. मामाने पद्धत घालून दिली होती ना. सकाळी तेल लावायचं आणि हात ओढून वर न्यायचा, तुम्ही ओरडेपर्यंत. तुम्ही ओरडलात की त्या दिवसाचं औषध झालं. एखाद्या दिवशी आवाज कमी आला तर आई हिरमुसायची. पुढे पुढे तुम्ही माणूस जवळ आलं की डाव्या हाताने उजवं कोपर पोटाशी घट्ट धरून बसायला लागलात. दिवसभर तसेच. आम्ही तो हात सोडवायचो आणि तुम्ही तो परत नेऊन ठेवायचात. हट्टी झालेत म्हणायचो. माझ्या लग्नाच्या फोटोत तुम्ही तसेच बसलेले आहात, नवा सदरा, डोक्यावर टोपी, आणि उजवं कोपर खालून उचलून धरलेला डावा पंजा. पाहुण्यांनी चेष्टा केली होती की आबा बघा कसे साहेबासारखे हाताची घडी घालून बसलेत. मीही हसलो होतो. फोटो अजून भिंतीवर आहे, माझ्या स्टुलावरून आरशात उलटा दिसतो.

आता त्या मुलीचं सांगतो. तिसऱ्या की चौथ्या आठवड्यात तिने माझ्या खांद्याच्या वरच्या हाडाखाली बोट दाबलं आणि म्हणाली, तुमचं उजवं बोट आणा इथे. आणलं. खड्डा लागतो? लागला. बोटाचं टोक बसेल एवढा. म्हणाली, हाताचं हाड वाटीतून जरासं खाली उतरलंय, घाबरू नका, सुरुवातीला होतं असं. स्नायू ढिले पडले की खांद्याला धरून ठेवणारं कुणी उरत नाही, हात स्वतःच्याच वजनाने खाली ओढला जातो. म्हणून तर तुम्हाला नीट बसा म्हणते, खांदा पडू देऊ नका म्हणते. बसाल तेव्हा हाताखाली उशी हवी, लोंबता ठेवायचा नाही. आणि उठताना कुणालाही हा हात ओढू द्यायचा नाही, काखेत हात घालूनसुद्धा उचलू द्यायचं नाही. हे ती इतकं साधेपणाने सांगत होती, जेवणाआधी घ्यायची गोळी सांगावी तसं. मी विचारलं, समजा एखाद्याचा असा हात रोज ओढला तर. तिने चेहरा वाकडा केला. फार दुखेल काका, म्हणाली, आतलं सगळं ताणतं, सुजतं. बोलता येणारा पेशंट निदान शिव्या तरी देतो. ज्याला बोलता येत नाही त्याचे हाल बघवत नाहीत. मग माझ्याकडे बघून म्हणाली, का, कुणाचं झालं होतं का? मी म्हटलं, नाही, सहज विचारलं. माझं बोट अजून त्या खड्ड्यात होतं. समोर आरशात तुमचा फोटो होता आणि तुम्ही कोपर धरून बसला होतात. जे ती मुलगी चार वर्षं कॉलेजात शिकली ते तुम्ही दुखून दुखून शोधून काढलं होतंत, आणि आम्ही तुमचा हात सोडवत होतो. त्या दिवशी मी बरं नाही म्हणून व्यायाम अर्धाच केला.

आईला हे कळता कामा नये, एवढं मी तिथल्या तिथे ठरवलं. मला जे वाटतंय ते मी निस्तरीन, माझं वय तरी आहे. तिच्या गाठीला काय आहे? तुम्ही गेल्यावर पेन्शन आली, घर बांधलं, नातवंडं आली, सगळं खरं, पण तिच्या मनात तिने तुमच्यासाठी केलेलं एकच काम धड झालेलं आहे आणि ते म्हणजे ती साखर. ते मी कुठल्या तोंडाने हिसकावून घेऊ? मग मी बहाणे सुरू केले. आईने तेलाची वाटी आणली की मला झोप यायची, नाहीतर फोन यायचा. हात ओढू नको एवढं म्हणालो तर का म्हणून विचारणार, आणि खोटं बोलायला मी तिच्यापुढे अजूनही कच्चा आहे. ती रुसली. म्हणाली, बापाचं केलं ते चाललं, तुझं चालंना व्हय. दोन दिवस तिने तेल आणलं नाही आणि तिसऱ्या दिवशी मी डुलकीत असताना गुपचूप मनगट धरलं. मी दचकून ओरडलो. तिचा चेहरा काय उजळला, आबा. ती साखरेच्या डब्याकडे निघालीसुद्धा होती.

हे त्या मुलीला कळलं ते माझ्या खांद्याला हात लावल्याबरोबर. कुणी ओढला, म्हणाली. मी आढेवेढे घेतले, पण ती ऐकणारी नव्हे. दिवसभर घरी कोण असतं तुमच्याबरोबर, आजी ना? मग आजींनाच शिकवायला हवं. मी नको नको म्हणत राहिलो, तिला ऐकू येत नाही, राहू दे, मी सांगेन. तोवर ती आत जाऊन आईचा हात धरून तिला घेऊन आलीही होती. तिचं काही चुकलं नाही. ती तिचं काम करत होती आणि फार मायेने करत होती. आईला माझ्या डाव्या बाजूला बसवून तिने दाखवलं. हात असा खालून घ्यायचा आजी, एक तळवा कोपराखाली, एक मनगटाखाली, तान्ह्या बाळाचं डोकं धरतो तसा. ओढायचा नाही. उचलून उशीवर ठेवायचा. आईने तसं केलं. तिच्या हाताला कंप आहे, तरी पहिल्याच वेळी बरोबर जमलं. मुलगी शाब्बास म्हणाली. आणि मग आईने विचारलं. मी जे टाळत होतो तेच.

"पोरी, पर दुखलं म्हंजे जीव येतुया न्हवं?"

"नाही आजी," ती तिच्या कानाशी वाकून, मोठ्याने, एकेक शब्द सुटा करून म्हणाली. "दुखलं म्हणजे थांबायचं. हात सांगतो, मला असं धरू नका."

आई पदराचं टोक घेऊन बोटाला गुंडाळत राहिली, परत सोडवत राहिली. मुलीने मला उभं केलं, भिंतीशी नेलं, तळवा भिंतीला टेकवून पाती मागे घ्यायला लावली, मी घेतली. भिंतीकडे तोंड होतं त्यामुळे मला आई दिसत नव्हती. मुलगी गेली, स्कूटरचा आवाज लांब गेला, आणि आई उठून तांदूळ निवडायला बसली. मला वाटलं ऐकू आलं नसेल. माणसाला जे वाटावंसं वाटतं ते वाटतं. दुपारी तिने जेवण वाढलं, माझा डावा हात आधी उशीवर ठेवला, मग ताट पुढे केलं.

संध्याकाळी सून यायच्या आधी आम्ही दोघं ओट्यावर बसलो होतो, हायवेवरच्या गाड्यांचा आवाज येत होता. ती समोर बघत म्हणाली, "ह्यांस्नी लय दुखलं आसंल का रं?"

आईशी बोलताना माझी जीभ आपोआप वलवणला जाते. मी म्हटलं, "न्हाई आई. आबांचं येगळं हुतं. त्यांच्या हातात खरंच जीव येत हुता. माझ्या खांद्याचं हाड उतरलंय, म्हून मला चालत न्हाई."

तिने वळून माझ्याकडे बघितलं. मी पाठ ताठ केली, खांदे मागे घेतले, मुलीने शिकवलंय तसं बसलो. आई म्हणाली, "तू म्हंतोस तर तसंच आसंल." आणि विषय संपला. त्या दिवसापासून तिने साखरेची गोष्ट सांगितलेली नाही, ना मला, ना पतवंडाला, ना भेटायला आलेल्या कुणाला. चहातही साखर घालून घेत नाही. सुनेला म्हणाली, डाक्टरनं बंद केलीया. सून मला विचारते, कुठल्या डॉक्टरने, आजींना तर शुगर नाही. मी म्हणतो, राहू दे, नसेल आवडत.

तुम्ही असतात तर काय म्हणाला असतात ह्याचा मी पुष्कळ विचार केला. बहुतेक व्हय म्हणाला असतात. आम्ही तुमची सेवा केली ह्यात खोट नव्हती आबा, आणि तेच मला पचत नाही. कुणी हयगय केली असती तर त्याच्यावर राग धरता आला असता. मामावर धरावा तर तो तुमच्यासाठी रडलेला माणूस. डॉक्टरवर धरावा तर त्याने हात हलवा असंच सांगितलं होतं. आता मी डाव्या तळव्याखाली फडकं ठेवून टेबलावर हात सरकवतो, कालच्यापेक्षा बोटभर पुढे गेला की मुलगी खूश होते, आणि मी मनात म्हणतो, हे तुमच्या वाटणीचं होतं. तुमचा हात असा सरकला असता. तुमच्या मुठीत तर फडकं जन्मभर होतं. नुसतं टेबलाशी बसवायचं होतं तुम्हाला, खिडकी उघडून, आणि कोपराखाली एक उशी. घरात उशा होत्या.

आज मुलीची सुट्टी, म्हणून सकाळपासून हे लिहीत बसलोय. हे पाठवायचं कुठे, आणि घरात ठेवायचं तरी कुठे, म्हणजे उद्या बंबात जाईल. बसायचं कसं ते सगळं विसरलो. पोक काढून, उजवीकडे कलून, डावा हात टेबलाखाली लोंबता ठेवून इतका वेळ लिहिलं. आत्ता आई आली. काय लिहितोस विचारलं नाही. वाकून तिने माझा हात खालून घेतला, एक तळवा कोपराखाली, एक मनगटाखाली, आणि फार सावकाश उचलून उशीवर ठेवला. इतका वेळ लोंबत राहिलेला, त्यामुळे खांद्यातून कळ आली. दुखलं की सांगायचं असं मुलीला कबूल केलेलं आहे. आई माझ्या तोंडाकडे बघत होती. मी आवाज काढला नाही, आबा.